कारंज्याचा अडत्या आणि जहाजाचं तिकीट

दिवाळी संपली की हापिसात दर वर्षी एक प्रश्न फिरायला लागतो. "अरे, मुंबई-गोवा क्रूझ करावं म्हणतोय. कंपनीच्या साइटवरून थेट बुक करू की एजंटकडून?" मग जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मधला माणूस काढला की पैसे वाचतात, एवढं साधं गणित आहे. दुसरा म्हणतो, काही गडबड झाली तर बोंब कुणाच्या नावाने मारणार, कॉल सेंटरच्या? सगळेच सॉफ्टवेअरवाले असल्यामुळे वाद लगेच मिडलवेअरवर घसरतो, आणि चहा संपेपर्यंत मूळ प्रश्न कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मी मूळचा वाशिमचा. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे बोटीच्या तिकिटाबद्दल मी बोलावं हा तसा आगाऊपणाच. पण मागच्या दोन-तीन विकांतांना जुनी पुस्तकं चाळताना लक्षात आलं की या वादाचं सगळ्यात चांगलं उत्तर आमच्याच जिल्ह्यात, कारंजा लाडला सापडतं. आणि त्यासाठी १८८६ सालात जावं लागतं.

कारंजा म्हटलं की बहुतेकांना नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान आठवतं, किंवा तिथली जुनी जैन मंदिरं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र कारंजा वेगळ्या कारणाने पाठ करावं लागतं. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणजे कारंज्याचा कापूस बाजार. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने तो सुरू झाला. (हैदराबाद कुठून आलं मध्येच? वऱ्हाड नावाला निजामाचं होतं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. तो चालायचा हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत. म्हणजे मूळ मालक एक, वहिवाटदार दुसरा. वऱ्हाडच मुळात एजंटामार्फत चाललं होतं म्हणा ना!)

बाजारावर नियंत्रण आणायची गरज का पडली? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात रेल्वे अकोला, मूर्तिजापूर करत नागपूरला पोचली. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून बाजारात आणायचा. तिथे त्याला थेट गिऱ्हाईक भेटत नसे, भेटायचा अडत्या. अडत्या म्हणजे कमिशनवर दुसऱ्याचा माल विकून देणारा. कागदावर तो शेतकऱ्याचा माणूस. पण त्याची रोजची ऊठबस व्यापाऱ्यांबरोबर. शेतकरी वर्षातून दोन-चारदा येणार, व्यापारी रोज. मग अडत्या कुणाचं मन राखणार?

सौदा कसा व्हायचा तेही बघण्यासारखं आहे. जुन्या बाजारांत भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल तो शेजारी उभा राहून रुमाल हलताना बघणार! एन्क्रिप्शन उत्तम, फक्त किल्ली मालाच्या मालकाकडे नाही. :) मग पट्टी यायची, म्हणजे हिशेबाचा कागद. त्यात अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता अशा एकेक कपाती. काटा कुणाचा? व्यापाऱ्याचा. तोलणारा कुणाचा? तोही त्याचाच.

सरकारने अडत्या हटवला नाही, ही यातली महत्त्वाची गोष्ट. दूरच्या खेड्यातून आलेल्या माणसाला बाजारात ओळख नाही, रात्री गाडी कुठे सोडायची हे माहीत नाही, कापसाची प्रत कशी सांगायची हे माहीत नाही. त्याला मधला माणूस लागतोच. म्हणून अडत्याला ठेवलं आणि त्याच्याभोवती कुंपण घातलं. पुढे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजाराची जागा ठरलेली, त्यावर कमिटी, आणि दलाल-तोलारे यांना परवाना. परवाना घ्यायचा, नियम मोडला तर दंड.

अर्थात इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा होता असं समजायचं कारण नाही. गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी भावात हवा होता. कमिट्या व्यापाऱ्यांच्याच हातात राहिल्या. शेतकऱ्याला त्यात जागाच नाही हा दोष १९२८ च्या शेती कमिशनने दाखवून दिला. तरी "हा मधला माणूस कुणासाठी काम करतो?" हा प्रश्न सरकारदरबारी पहिल्यांदा विचारला गेला तो आमच्या कारंज्याच्या बाजारात, एवढं श्रेय मी तरी घेणार.

आता गंमत अशी, की त्याच १८८६ साली मुंबई बंदरात हिंदुस्थान सरकार नेमका हाच प्रश्न सोडवत होतं. तिथे माल कापूस नव्हता, माणसं होती.

हज यात्रा तेव्हा बोटीने व्हायची. हिंदुस्थानभरातून लोक मुंबईला यायचे आणि तिथून जेद्दा. समजा मंगरूळपीरचा कुणी माणूस निघाला. आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधून बैलगाडीने रेल्वे गाठायची आणि मुंबईत उतरायचं. तिथे त्याला भेटणार दलाल. हा दलाल त्याची भाषा बोलणार, मुसाफिरखान्यात जागा दाखवणार, जिन्नस घेऊन देणार आणि बोटीचं तिकीट काढून देणार. पैसे त्याला दोन्हीकडून. बोटवाला डोक्यामागे कमिशन देणार, आणि यात्रेकरूकडून जे सुटेल ते वेगळं.

बोटीची तारीख जाहीर व्हायची, पण बोट भरल्याशिवाय सुटायची नाही. आज नाही उद्या, उद्या नाही परवा. तोवर मुंबईत राहून यात्रेकरूची पुंजी संपत चाललेली. भाव रोज बदलायचा. ज्याने आधी तिकीट घेतलं त्याला महाग, आणि शेवटच्या दिवशी जागा उरल्या तर स्वस्त. कधी उलटंही. (ओळखीचं वाटतंय? आजच्या भाषेत याला डायनॅमिक प्रायसिंग म्हणतात आणि त्यावर लोक पीएचडी करतात.) बोटींची अवस्था काय वर्णावी! डेकवर माणसं खच्चून भरलेली. बरेच जण परतीचे पैसे न उरल्यामुळे जेद्दाला अडकून पडायचे.

सरकारने लक्ष घातलं त्याला दोन कारणं होती. १८६५ मध्ये हजच्या वेळी पटकी पसरली आणि ती युरोपपर्यंत पोचली. तेव्हापासून युरोपातले देश इंग्रजांवर डोळे वटारून होते. दुसरं कारण १८८० चं. 'जेद्दा' याच नावाची एक बोट नऊशेहून जास्त यात्रेकरू घेऊन सिंगापूरकडून निघाली होती. बोटीत पाणी शिरलं तेव्हा कप्तान आणि अधिकारी प्रवाशांना तसंच सोडून पळाले. बोट बुडाली असं त्यांनी एडनला पोचून सांगितलं, आणि पाठोपाठ बोटच प्रवाशांसकट एडनला आणली गेली! जोसेफ कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम' या कादंबरीचं मूळ याच घटनेत आहे. छी-थू झाली ती सगळ्या व्यवस्थेची.

पण सरकारची पंचाईत अशी, की यात्रेवर कडक निर्बंध घातले तर धर्मात ढवळाढवळ केल्याचा आरोप येणार. १८५७ विसरायला तीस वर्षं पुरेशी नव्हती. तेव्हा सरकारने तोडगा काढला, चांगला एजंट नेमू! आणि जगातला सगळ्यात नावाजलेला एजंट निवडला, टॉमस कुक आणि सन.

टॉमस कुकने १८४१ मध्ये इंग्लंडात लेस्टरहून लॉफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी रेल्वेने माणसं नेली, तिथून या धंद्याची सुरुवात. १८८१ मध्ये मुंबईत त्यांची कचेरी उघडली होती. साहेब लोकांना ताजमहाल दाखवायचा हा त्यांचा धंदा. १८८६ मध्ये कुकचा मुलगा जॉन मेसन कुक याच्याशी सरकारचं ठरलं आणि कंपनी हजची अधिकृत एजंट झाली. कल्पना आजही आकर्षक वाटेल अशी होती. रेल्वे आणि बोट यांचं भाडं आधी ठरलेलं, मध्ये दलाल नाही, तारीख नक्की. म्हणजे मंगरूळपीरच्या माणसाने निघण्याआधीच खर्च किती ते जाणून घ्यावं. इंजिनियरच्या नजरेने बघितलं तर डिझाइन झकास.

आणि तरीही ते चाललं नाही. १८९३ मध्ये गाशा गुंडाळला.

का? मला यात सगळ्यात जास्त रस आहे, कारण असे झकास डिझाइन केलेले आणि न चाललेले प्रॉजेक्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी बरेच पाहिलेत. एक तर कुककडूनच तिकीट घ्या अशी सक्ती नव्हती, दलाल जागेवरच होते. कुकने ठराविक भाव जाहीर केला की बोटवाले दलालांमार्फत त्याच्या खाली भाव पाडायचे. कुकचं तिकीट असलेला माणूस शेजाऱ्याला विचारणार, तुला कितीला पडलं? झालं. आणि दलाल नुसतं तिकीट विकत नव्हता. तो भाषा, ओळख, धर्म, मुसाफिरखाना, पुढे मक्केतल्या मार्गदर्शकाशी संधान, असं सगळं विकत होता. कुककडे छापील तिकीट होतं आणि काउंटर होता. तोटा यायला लागला, सरकारने तो भरून द्यायची हमी नाकारली, आणि कुकने नमस्कार केला.

यातून मला काय दिसतं सांगू? सरकारने दलालाच्या जागी जास्त प्रामाणिक दलाल आणून बसवला, पण बोटवाल्याचा काटा तसाच ठेवला. बोट कधी सुटणार आणि भाव किती, हे बोटवाल्याच्याच हातात राहिलं. कारंज्यात उलटं केलं होतं. माणूस तोच ठेवला आणि जागा, काटा, परवाना यांना हात घातला. मुंबईतही १८८७ मध्ये यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा करून हजच्या दलालांना परवाना लागू केला होता. टिकला तो हा परवान्याचाच रस्ता. जगप्रसिद्ध कंपनी सात वर्षांत निघून गेली, आणि परवानावाले दलाल पुढेही राहिले.

बोटीचा हज १९९५ पर्यंत चालला, शेवटची काही वर्षं 'अकबर' जहाजावरून. आता विमान. आणि आजही हजला जाणाऱ्यापुढे दोन वाटा आहेतच. हज कमिटीमार्फत अर्ज करून कुर्ऱ्यात, म्हणजे सोडतीत, नंबर लागायची वाट बघायची, नाहीतर परवानाधारक खाजगी टूरवाल्याकडे जायचं. आमच्या हापिसातल्या टेबलावरचा वाद तोच आहे, नाही का?

इथे 'थेट' या शब्दाबद्दलही थोडं बोलायला पाहिजे. एजंट नको, सरळ कंपनीकडे जातो म्हणणाऱ्याला कंपनी कोण हे तरी माहीत असतं का? कारंज्याहून जाणारी शकुंतला रेल्वे तुम्ही ऐकली असेल. मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ती नॅरो गेज गाडी कारंज्यावरून कापूस वाहायची. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे. ही लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि त्या कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे. पेढीचं अधिकृत बिरुद काय? मॅनेजिंग एजंट! हीच पेढी कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणाऱ्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचीही मॅनेजिंग एजंट होती. म्हणजे आमच्या कारंज्याचा कापूसवाला आणि रत्नागिरीला बोटीत चढणारा चाकरमानी दोघंही 'थेट कंपनीकडून' तिकीट घेत होते, आणि दोघांचा पैसा एकाच एजंटाच्या गल्ल्यातून जात होता. ही मॅनेजिंग एजन्सी पद्धत १९७० मध्ये कायद्याने संपली. पण अशी थराखाली थर असलेली रचना क्रूझच्या धंद्यात आजही भेटते. जहाज एकाचं, चालवणारा दुसरा, आणि या देशात विकण्याचे हक्क तिसऱ्याकडे. वेबसाइटवर नाव पहिल्याचं असतं म्हणून आपल्याला ते थेट वाटतं.

आता आमच्या क्षेत्रातला किस्सा, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० च्या दशकात आयबीएम आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी मिळून 'सेबर' ही आरक्षणाची प्रणाली उभी केली. १९७६ पासून तिचे टर्मिनल ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर जायला लागले. एजंटाला एका पडद्यावर सगळ्या कंपन्यांची विमानं दिसायची. मग कुणीतरी मोजलं. निम्म्याहून जास्त वेळा एजंट पहिल्या ओळीतलं विमान निवडतो, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा पहिल्या पडद्यावरचं. मग पहिली ओळ कुणाची असणार? ज्याची प्रणाली त्याची! दुसऱ्यांची स्वस्त विमानं दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर ढकलली गेली. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे हे नाकारलंही नाही. आपल्याला झुकतं माप मिळावं हाच तर प्रणाली बांधण्यामागचा हेतू, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८४ मध्ये नियम करून हा पक्षपात बंद करावा लागला.

एजंट बिचारा प्रामाणिकच होता हो. त्याला वाटत होतं आपण गिऱ्हाईकासाठी शोधतोय. रुमाल त्याच्याही डोळ्यांवर होता. आज आपण स्वतः मोबाइलवर 'थेट' शोधतो तेव्हा त्या पहिल्या ओळीत कोण बसलंय याचा विचार करतो का? सॉर्ट बाय 'रेकमेंडेड' असं लिहिलेलं असतं. रेकमेंड कोण करतंय? मी अशा याद्यांचा कोड लिहिणाऱ्या लोकांबरोबर जेवतो, त्यामुळे या शब्दावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

तर, क्रूझ. इथे विमानापेक्षा गणित वेगळं आहे. विमान कंपन्यांनी भारतात २००८ च्या शेवटी एजंटांचं कमिशन शून्यावर आणायचं जाहीर केलं, तेव्हापासून एजंट आपली फी उघड लावतो. क्रूझ कंपन्या मात्र अजून एजंटाला कमिशन देतात, आणि शक्यतो साइटवरचा आणि एजंटाकडचा भाव सारखाच ठेवतात. म्हणजे थेट बुक केलं तर कमिशन तुमच्या खिशात येत नाही, कंपनीकडेच राहतं. "मधला माणूस काढला की पैसे वाचतात" हे खरं, पण वाचतात कंपनीचे. काही एजंट आपल्या कमिशनातून थोडं गिऱ्हाईकाला सोडतात, तेव्हा तर एजंटाकडचं स्वस्तच पडतं. आणि बिलात मूळ भाडं, पोर्ट चार्ज, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, कर असे तुकडे असतात. जाहिरातीत पहिलाच तुकडा मोठ्या अक्षरात. कारंज्याच्या पट्टीतली अडत, हमाली, तोलाई आठवते ना?

खरा फरक पडतो तो काही बिनसलं की. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. २०२० मध्ये लॉकडाउनमुळे विमानं रद्द झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने परतावे द्यायला सांगितले, पण एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटामार्फतच, असा त्याचा मार्ग होता. एजंट चांगला असेल तर तो तुमच्या वतीने मागे लागतो. वाईट असेल तर तुमचे पैसे त्याच्याकडे अडकून पडतात. आणि नाव मोठं म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. २०१९ च्या सप्टेंबरात विलायतेतली टॉमस कुक कंपनी एका रात्रीत बुडाली तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले. त्यांना परत आणलं ते सरकारी संरक्षण योजना होती म्हणून. (भारतातली टॉमस कुक तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, तिचा या बुडण्याशी संबंध नव्हता.) त्याच वर्षी आपल्याकडे कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरीत गेली, जिची सुरुवात १७५८ ची! मुंबई-गोवा मार्गावर २०१८ मध्ये सुरू झालेलं 'आंग्रिया' जहाजही कोविडनंतर थांबलं. एजंटही बुडतो, कंपनीही बुडते.

माझ्या आई-बाबांनी मागे एक क्रूझ केली. मी पुण्यातून थेट बुक करून देतो म्हणालो तर बाबांनी सरळ वाशिमच्या एका ओळखीच्या एजंटाकडून तिकीट काढलं. भाव तेवढाच पडला, हे मी ताडून पाहिलं. निघायच्या आदल्या दिवशी जहाजाची वेळ बदलली. कंपनीची मेल आली ती इंग्रजीत आणि प्रमोशन्सच्या फोल्डरमध्ये. एजंटाचा मात्र फोन आला. "काका, बोट संध्याकाळी नाही, दुपारीच सुटून राह्यली. तुम्ही रात्रीच्याच गाडीनं निघा." मी पुण्यात बसून ती मेल शोधली असती का? कदाचित असती. पण बाबांना गाडीही त्यानेच बदलून दिली, ते मला पुण्यातून जमलं नसतं.

म्हणून आता कुणी विचारलं की मी थेट की एजंट हे सांगायच्या भानगडीत पडत नाही. तीन गोष्टी विचारायला सांगतो. पैसे कुणाच्या खात्यात जाणार? रद्द झालं तर परत कोण देणार, आणि किती दिवसांत? आणि तुला या बुकिंगवर कंपनीकडून किती सुटतात? तिसरा प्रश्न विचारताना लोक लाजतात. मी वाशिमच्या त्या एजंटाला फोनवर विचारला होता. तो जरा थांबला आणि मग टक्के सांगितले. पोर्ट चार्ज आणि करावर त्याला काहीच मिळत नाही, मूळ भाड्यावरच मिळतं, हेही त्यानेच सांगितलं. साइटवर हा प्रश्न विचारायला कुठे चौकट नव्हती.